व्हॅनकाकांनी लेकीची शाळा बदलली

व्हॅनकाकांना वस्तीत नावानं हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. त्यांची बायकोसुद्धा दुसऱ्या बायकांशी बोलताना "आमचे व्हॅनकाका" असंच म्हणते, आणि मग स्वतःच हसते. त्यांची व्हॅन पांढरी होती. म्हणजे कधीकाळी पांढरी असावी. तिचं मधलं दार आधी थोडं वर उचलायचं, मग ओढायचं, तरच उघडे. वस्तीतल्या पोरांना अक्षरओळख व्हायच्या आधी ही युक्ती येत असे.

काका जन्मले ते सरकारी शाळेच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत. शिकले त्याच शाळेत. त्या काळी शाळा दोन पाळ्यांत भरायची, आणि सकाळची पाळी सुटताना व दुपारची भरताना फाटकात अशी चेंगराचेंगरी व्हायची की शिपाई काठी आडवी धरून उभा राही. काकांचं डोकं अभ्यासात बेताचंच होतं. शाळा संपल्यावर ते छापखान्यात लागले, कागद कापायच्या यंत्रावर. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांनी एक जुनी गाडी घेतली आणि मुलं पोचवायला सुरुवात केली.

मुलं पोचवायची कुठे, तर पुलापलीकडच्या खासगी शाळेत. ती नव्यानंच निघाली होती. काचेच्या खिडक्या, गणवेशाला टाय, फाटकाशी निळ्या कपड्यातला पहारेकरी. आधी दवाखान्यातल्या सिस्टरनं आपल्या मोठ्या मुलाला तिकडे घातलं. मग शिंप्यानं, मग किराणावाल्यानं. एकानं घातलं की शेजारी फीची चौकशी करू लागे. आपलंच पोर मागे राहिलं तर? काही वर्षांत वस्तीतली ज्यांना जमेल ती सगळी मुलं पुलापलीकडे जाऊ लागली आणि सरकारी शाळेत उरली ती ज्यांना जमत नव्हतं त्यांची. दुपारची पाळी बंद झाली. मग वरच्या मजल्याला कुलूप लागलं आणि तिथे मोडके बाक रचून ठेवले गेले.

काका रोज सकाळी भरलेली गाडी घेऊन त्या फाटकावरून जात. एकदा ते सहज म्हणाले होते, "ही शाळा रिकामी करायला माझ्या गाडीचा बराच हातभार लागलाय." त्यात खंत वगैरे नव्हती. रस्त्यातला खड्डा दाखवावा तसं त्यांनी ते दाखवलं.

काकांना एकच मुलगी. ती पेन्सिली कुरतडायची म्हणून तिला सगळे खारू म्हणत. तीही अर्थातच पुलापलीकडच्या शाळेत जायची. काका त्या शाळेची इतकी मुलं आणत-नेत होते की व्यवस्थापकांनी त्यांच्या मुलीला फीमध्ये सूट दिली होती. काकू इस्त्रीच्या दुकानात काम करायच्या. दिवसभर लोकांचे कपडे दाबून हात भरून आले तरी घरी येऊन खारूच्या स्कर्टाच्या चुण्या त्या स्वतः घालत. टायची गाठ घट्ट करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते एरवी दिसत नसे. खारूच्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी चांगला शेरा असायचा. पाहुणे आले की ती उभी राहून धडाच्या धडा घडाघडा म्हणून दाखवायची, एक शब्द इकडचा तिकडे न होता.

खारू चौथीत होती तेव्हाची गोष्ट. दुपारी मुलांना घेऊन परत येताना पुलावरच गाडी तापली. काकांनी ती कडेला घेतली, मेकॅनिकला फोन केला आणि मुलांना बाहेर उतरायला बंदी घातली. थोड्याच वेळात आत दंगा माजला. कोणी कोणाचा डबा पळवला, कोणी कोणाच्या पायावर पाय दिला. काकांना गाडीच्या पुढच्या काचेपाशी खोचलेला जुना पेपर दिसला. त्यात मुलांचं एक पान होतं, चित्रासकट गोष्ट असलेलं. त्यांनी ते खारूच्या हातात दिलं.

"वाच गं. सगळ्यांना गोष्ट वाचून दाखव."

खारूनं चित्राकडे पाहिलं. चित्रात एक हत्ती होता आणि एक विहीर. तिनं सुरुवात केली. "एक हत्ती होता. त्याला खूप तहान लागली होती. तो विहिरीपाशी गेला..." गोष्ट छान रंगली. मुलं गप्प झाली. काका कौतुकानं मागे वळून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांची नजर तिच्या खांद्यावरून पानावर गेली. गोष्टीची पहिली ओळ एका म्हातारीबद्दल होती. हत्तीचा उल्लेख बराच खाली होता.

"बोट ठेवून वाच बरं," काका म्हणाले.

खारूनं बोट ठेवलं. बोट ओळीवरून सरकत राहिलं आणि तोंडातून हत्तीच बाहेर पडत राहिला.

"थांब. हा शब्द कुठला?"

खारूनं पेन्सिल तोंडात घातली.

काकांनी पान पुढच्या मुलीला दिलं. तिनं पहिलं अक्षर बरोबर ओळखलं आणि पुढे अंदाज मारला. सिस्टरचा धाकटा मुलगा खारूच्याच वर्गात होता. त्यानं दोन शब्द वाचले आणि डोळे दुखतात म्हणाला. शिंप्याचा मुलगा म्हणाला, "काका, हे आमच्या पुस्तकातलं नाहीये. आम्हाला हे शिकवलेलंच नाही." व्हॅनमध्ये नीट वाचता येणारी मुलं होती, पण थोडी. मेकॅनिक आला, त्यानं पाण्याची नळी बदलली, गाडी सुरू झाली. काकांनी सगळ्यांना घरोघर सोडलं आणि कोणाला काहीच सांगितलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी खारूला जवळ बसवून विचारलं, "मग पेपर कसा लिहितेस तू?"

खारूला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिनं समजावून सांगितलं. बाई फळ्यावर प्रश्न लिहितात आणि उत्तरं लिहितात. ती आधी म्हणून पाठ करायची आणि मग लिहून लिहून हात बसवायचा. पेपरात प्रश्नाचं तोंड ओळखायचं, की उत्तर आपोआप हातातून येतं. "सगळे असंच करतात बाबा. तू नव्हतास का करत?"

दुसऱ्या दिवशी मुलांना सोडल्यावर काका व्यवस्थापकांना भेटायला गेले. आतापर्यंत त्या कचेरीत ते फक्त डिझेलचे भाव वाढले की जात. व्यवस्थापक सभ्य माणूस होता. त्यानं खुर्ची दिली.

"तुमची मुलगी वर्गात पहिल्या पाचात आहे. तुम्हाला आणखी काय पाहिजे?"

"वाचता यायला पाहिजे, साहेब."

"ते येतं हो पुढे. आपोआप येतं. घरी थोडं लक्ष द्या."

"आणि नाही आलं तर?"

व्यवस्थापकांनी घड्याळाकडे पाहिलं. काका उठले.

सरकारी शाळेत तेव्हा नव्या मुख्याध्यापिका बदलून आल्या होत्या. लहानखुऱ्या चणीच्या, पण आवाज असा की मैदानाच्या टोकाला उभं पोर दचकावं. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. आल्या आल्या त्यांनी शाळेतल्या प्रत्येक मुलाला समोर बसवून वाचायला लावलं होतं आणि जे निघालं ते फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं. पाचवीतल्या निम्म्या मुलांना साधा परिच्छेद वाचता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. वस्तीत त्याची भरपूर चर्चा झाली. शिंपी म्हणाला, "आपल्याच दुकानावर 'माल खराब आहे' अशी पाटी लावणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली." काही आईबापांनी तो फळा वाचून आपली मुलं काढून घेतली. आधीच पट घसरलेला, त्यात ही भर. वरून अधिकारी येऊन गेले. दोन वर्षांत पट वाढला नाही तर शाळा बंद करून मुलांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवू, असं सांगून गेले. फळा पुसा असंही सांगून गेले. मोठ्या बाईंनी तो पुसला आणि पुढच्या चाचणीनंतर पुन्हा लिहिला.

काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले तेव्हा त्या खिडकीची बिजागरी ठोकत होत्या.

"मुलगी घालायचीय," काका म्हणाले. "चौथीत आहे. वाचता येत नाही."

बाईंनी हातोडी खाली ठेवली. "पुलापलीकडून आणताय? का?"

"वाचता येत नाही म्हणूनच."

"इथल्या बऱ्याच जणांनाही येत नाही. फळा वाचलात ना?"

"वाचला. म्हणूनच आलो. तिकडे सगळ्यांना येतं असं म्हणतात."

बाई पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी पद्धत सांगितली. रोज सकाळचा पहिला तास सगळे वर्ग मोडायचे. कोण कितवीत ते बघायचं नाही. ज्याला जितकं वाचता येतं त्या गटात त्यानं बसायचं. "तुमची मुलगी दुसरीच्या पोरांबरोबर बसेल. तिला लाज वाटेल. तुम्हालाही वाटेल. चालणार असेल तर आणा. आणि अर्ध्यात काढून नेणार असाल तर आणूच नका, माझा वेळ जातो."

काकूंना हे कळलं तेव्हा घरात जे झालं ते शेजारपाजाऱ्यांनीही ऐकलं.

"लोक पोरांना पुढे नेतात, तुम्ही मागे न्यायला निघालात!"

"पुढे कुठे गेलीय ती? जागच्या जागी पळतेय."

"पहिल्या पाचात आहे ती! शेरा बघा, शेरा!"

"शेरा तिलाच वाचायला सांग," काका म्हणाले.

हे बोलायला नको होतं, असं त्यांना लगेच वाटलं. काकूंनी खारूला हाक मारली, प्रगतिपुस्तक तिच्या पुढ्यात टाकलं आणि म्हणाल्या, "वाच." खारूनं शेऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान लिहिलंय." काकू आत गेल्या आणि बराच वेळ भांडी घासत राहिल्या. ती आधीच घासलेली होती.

तरीही त्या लगेच तयार झाल्या नाहीत. बसलेली घडी मोडू नका, एवढंच त्या म्हणत राहिल्या. शेवटी परीक्षा संपल्यावर नेऊ, असं ठरलं. नव्या वर्षी खारू पाचवीत सरकारी शाळेत बसली. टाय गेला. काकूंनी नव्या गणवेशाच्याही चुण्या घातल्या.

खारूनं बापाशी बोलणं टाकलं. लहान मुलांसोबत मांडी घालून बसायचं, 'क'ला काना 'का' करायचं, आणि शाळा भरताना जुन्या मैत्रिणी व्हॅनच्या खिडकीतून हात करत जाताना बघायच्या. व्हॅन चालवणारा तर तिचाच बाप. एकदा तिनं फाटकातून ओरडून विचारलं, "बाबा, मी एकटीच ढ आहे का?" काकांनी गाडी थांबवली नाही. त्यांना थांबवता आली असती. मागे मुलं होती आणि उशीर झाला होता, असं ते नंतर सांगत.

वस्तीत कुजबुज सुरू झाली. व्हॅनकाकांची पोरगी नापास झाली म्हणून काढली. व्हॅनकाकांचं आणि शाळेचं वाजलं. काकांनी कशाचाच खुलासा केला नाही. त्यांची अडचण सरळ होती. खरं सांगावं तर ज्यांच्या मुलांवर आपली चूल पेटते त्यांनाच आपण सांगणार, की मुलं या गाडीत बसवू नका. पावसाळा गेला, थंडी आली. काका रोज गाडी भरून नेत आणि भरून आणत राहिले.

शेवटी सिस्टरनंच त्यांना दवाखान्याच्या दारात गाठलं. "काका, खरं सांगा. तुमचीला का काढली?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. सिस्टरच्या हातात औषधाची बाटली होती.

"घरी गेल्यावर धाकट्याला ही चिठ्ठी वाचायला लावा," ते म्हणाले. "बाटलीवरची. पुस्तकातलं काही नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरचा धाकटा गाडीत बसला, पण सिस्टर दाराशीच उभी राहिली. दार वर उचलून ओढायचं तिला जमेना. काका मदतीला उतरले तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

काकांनी खरं सांगितलं. सिस्टरनं मान हलवली. रागानंही तिचा आवाज चढला नाही, हे काकांना जास्त लागलं. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, की जो विचारेल त्याला सांगायचं. न विचारणाऱ्याला सांगायचं नाही, हेही त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. तेवढी पळवाट त्यांनी ठेवली.

दरम्यान खारू वाचायला लागली. हे एका दिवसात झालं नाही आणि त्यात चमत्कारही नव्हता. आधी दुकानांच्या पाट्या, मग बसवरची नावं, मग काकू ज्या वर्तमानपत्रात कपडे बांधत तो कागद. एकदा ती इस्त्रीच्या दुकानात बसून एका कागदावरची खुनाची बातमी मोठ्यानं वाचू लागली, गिऱ्हाइकांसमोर, शब्दाशब्दाला थांबत. काकूंनी हातातला शर्ट बांधायचाच थांबवला. बातमी पूर्ण होईस्तोवर गिऱ्हाईक उभं होतं. "मग? सापडला का तो?" गिऱ्हाइकानं विचारलं. "पुढचं दुसऱ्या पानावर आहे," खारू म्हणाली.

त्यानंतर काकू बदलल्या, आणि अर्ध्यावर थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुकानात कपडे टाकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या विचारू लागल्या, "तुमच्याला वाचता येतं का? बघितलंत का कधी?" काकांनी न विचारणाऱ्याला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. काकूंनी तसं काही ठरवलं नव्हतं.

त्या वर्षअखेरीला सिस्टरनं आपला धाकटा मुलगा सरकारी शाळेत आणला. किराणावाल्यानं दोघी मुली आणल्या. आणखी काही घरं आली. सगळी पटूनच आली असं नाही. काहींना पुलापलीकडची वाढलेली फी झेपत नव्हती आणि त्यांना काकूंनी एक सन्मानाचं कारण पुरवलं. शिंपी मात्र चौकात काकांच्या अंगावर धावून आला.

"तुमचं पोर मठ्ठ निघालं म्हणून आमच्या पोरांचं वाटोळं करायला निघालात?"

"तुमच्या पोराला मी काही बोललोय का?"

"गाडीत बसवून परीक्षा घेता म्हणे त्यांच्या! ड्रायव्हर आहात, गाडी चालवा!"

काका म्हणाले, "चालवतोच आहे." पण पुढच्या महिन्यापासून शिंप्याचा मुलगा दुसऱ्या गाडीनं जाऊ लागला. मग व्यवस्थापकांनी निरोप पाठवला, की शाळेनं स्वतःची बस घेतली आहे आणि बाहेरच्या गाड्या आता फाटकाच्या आत येणार नाहीत. व्हॅनमध्ये पाच-सहा मुलं उरली. ज्यांना काकांनी सांगितलं होतं त्यांची मुलं आता चालत शाळेत जात होती. त्यांना व्हॅनची गरजच नव्हती.

मोठे अधिकारी पट मोजायला आले त्या दिवशी काका फाटकासमोर गाडी लावून बसले होते. मुलं रांगेत उभी होती. अधिकाऱ्यांनी एका मुलाला पुस्तक दिलं, त्यानं वाचलं. दुसऱ्याला दिलं, तो अडखळला. तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "याला अजून येत नाही. फळ्यावर तसं लिहिलंय." अधिकारी यावर काय बोलले ते ऐकू आलं नाही. शाळा बंद झाली नाही. पट ठरलेल्या रेषेच्या जेमतेम वर होता. पुढच्या वर्षी वरच्या मजल्याचं कुलूप काढलं आणि मोडके बाक खाली आणले. त्यातले निम्मे सुताराकडून सांधून पुन्हा वर गेले.

काकांनी व्हॅनमधल्या सीट काढून टाकल्या आणि बेकरीचे पाव पोचवायला सुरुवात केली. पाव दंगा करत नाहीत, असं ते म्हणत. पण मुलांची सवय झालेल्या माणसाला पावांशी बोलता येत नाही. मिळकतही कमी झाली. काकूंनी इस्त्रीचे जास्तीचे कपडे घरी आणायला सुरुवात केली. या बाबतीत दोघांची बरीच भांडणं झाली आणि ती मिटलीही नाहीत, नुसती जुनी झाली.

शिंप्याचा मुलगा पुलापलीकडेच शिकला. तोही पुढे वाचायला लागला. कसा, कुठे, ते कोणाला नीट ठाऊक नाही. आज तो चांगल्या नोकरीत आहे. काकांना कोणी मुद्दाम हे सांगितलं की ते म्हणतात, "चांगलं झालं की. मी कुठं वाईट व्हावं म्हणत होतो?" पुलापलीकडच्या शाळेनंही नंतर वाचनाचा वेगळा तास ठेवला आणि तशी जाहिरातही केली. खारू अभ्यासात मध्यम निघाली. सध्या रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत शिकते आहे. बापाशी ती सगळं बोलते. शाळा बदलली त्या वर्षाबद्दल मात्र बोलत नाही, आणि काकाही विचारत नाहीत.

मोठ्या बाईंची बदली झाली तेव्हा सामान न्यायला त्यांनी काकांचीच व्हॅन बोलावली. सामान फारसं नव्हतं. दोन ट्रंका, एक गादी, पुस्तकांची खोकी आणि एक लोखंडी कपाट, जे कसंही फिरवलं तरी व्हॅनच्या दारातून आत जाईना. शेवटी दार काढूनच ठेवलं. बाई पुढे काकांच्या शेजारी बसल्या.

गाडी सुरू करताना काका म्हणाले, "तुम्ही गेल्यावर इथलं कसं व्हायचं?"

"होईल तसं होईल. पट पुन्हा थोडा घसरलाय, बघितलंत का? चौकात नवीन शाळा निघतेय."

"बघितलं."

"तुमची बायको पालक समितीत आहे. ती नव्या मुख्याध्यापकाला सुखानं झोपू देणार नाही."

"मला तरी कुठे देते?" काका म्हणाले.

बाई मोठ्यानं हसल्या. मागे कपाट खडखडत होतं. नव्या गावाचा रस्ता काकांना माहीत नव्हता, म्हणून बाई फाट्याफाट्यावर पाट्या वाचून सांगत होत्या आणि काका त्याप्रमाणे गाडी वळवत होते.